ॲव्हरेज कशाचे? स्ट्राँग हायब्रिड ग्रँड व्हिटारा आणि चौदा महिन्यांची वही

आपल्याकडे नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकण्याआधी समोरचा विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" २०२४ च्या दसऱ्याला मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा, तीही स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबरच अधूनमधून एकट्या विजेच्या मोटरवरही चालणारी), घरी आली तेव्हापासून या प्रश्नाला मी पंधरापासून सव्वीसपर्यंत निरनिराळी उत्तरे दिली आहेत आणि त्यांतले एकही खोटे नव्हते. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. ती नेमकी कशाची सरासरी, हे मात्र विचारणाऱ्याने कधी विचारले नाही आणि गाडी घेण्यापूर्वी मीही कोणाला विचारले नव्हते.

शोरूममधल्या तरुणाने विचारले होते ते फक्त "महिन्याचं रनिंग किती, सर?" हजार-अकराशे किलोमीटर म्हटल्यावर त्याने कॅल्क्युलेटरवर हजाराला अठ्ठाविसाने भागले आणि "डोळे झाकून घ्या" असे सांगितले. शोरूमचे नाव लिहीत नाही, कारण तो भागाकार बहुतेक सगळ्याच शोरूममध्ये होत असावा. माझा पेशा हिशेब तपासण्याचा आहे, त्यामुळे डोळे झाकून काही करण्याची सवय नाही. पहिल्या दिवशी हातकप्प्यात एक छोटी वही ठेवली आणि तेव्हापासूनचे प्रत्येक भरणे, तारीख, किलोमीटर आणि लिटर, तीत उतरवले. पुढचा मजकूर त्या वहीवर बेतलेला आहे.

आधी गाडीविषयी थोडक्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये ही गाडी बाजारात आली. तिची टोयोटाकडून विकली जाणारी जुळी बहीण म्हणजे अर्बन क्रूझर हायरायडर, आणि दोघींची हायब्रिड यंत्रणा टोयोटाचीच आहे. १,४९० घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, सुमारे ८० अश्वशक्तीची विजेची मोटर, दोघांची मिळून ताकद सुमारे ११६ अश्वशक्ती, आणि मागे डिकीच्या तळाशी ०.७६ किलोवॅट-तासाची लिथियम-आयन बॅटरी. कंपनीने जाहीर केलेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. याच गाडीच्या ज्या आवृत्तीला 'स्मार्ट हायब्रिड' म्हणतात ती वेगळी. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण एकटी गाडी ओढत नाही, आणि तिचा जाहीर आकडा एकवीसच्या आसपास आहे. नावांच्या या घोळामुळे अनेकांचा गैरसमज होतो. "ही चार्ज कुठं करता?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ही गाडी कुठेच चार्ज करायची नसते. तिची वीज एकतर पेट्रोलमधून येते किंवा ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया गेली असती अशा गतीतून येते. फुकटची वीज तिच्यात नाही, आणि हा एक मुद्दा डोक्यात पक्का बसला की पुढचे बहुतेक कोडे आपोआप सुटते.

आता २७.९७ हा आकडा येतो कुठून ते पाहू. मी कोथरूडला राहतो आणि पहाटे ज्या टेकडीवर फिरायला जातो तिच्या या अंगाला सगळे पुणे 'एआरएआय टेकडी' म्हणते, कारण ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था तिथेच आहे. गाड्यांच्या जाहीर मायलेजला देशभर 'एआरएआयचा आकडा' म्हणण्याची रीत आहे, मग चाचणी कुठल्या का मान्यताप्राप्त संस्थेत झालेली असो. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाबरहुकूम तिचा वेग वाढवतात, कमी करतात, मध्येच तिला थांबवून ठेवतात. हे वेळापत्रक एकूण १,१८० सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतले आहे. त्यात गाडी साडेदहा किलोमीटरांच्या आसपास अंतर 'कापते', तिचा सरासरी वेग ताशी बत्तीस किलोमीटरांच्या घरात राहतो आणि सर्वाधिक वेग ताशी ९० च्या वर जात नाही. एसी बंद असतो. चढ नाही, वारा नाही, आडवी येणारी रिक्षा नाही. पेट्रोलही मापाने मोजत नाहीत. धुरातून किती कार्बन बाहेर पडला यावरून किती इंधन जळले असेल त्याचा हिशेब मांडतात.

यात फसवणूक काहीच नाही. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकाच तागडीत तोलावे लागते, आणि ही ती तागडी आहे. मात्र हायब्रिडच्या दृष्टीने हे वेळापत्रक फारच सोयीचे पडते. हलकेच निघा, थोडे चला, हलकेच थांबा, उभे राहा. यातली प्रत्येक गोष्ट तिच्या आवडीची आहे. साध्या पेट्रोल गाडीचा जाहीर आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत तफावत असतेच; हायब्रिडच्या बाबतीत ती तफावत तुम्ही कोण आहात आणि कुठे जाता यावर कितीतरी जास्त अवलंबून असते, इतकेच.

माझ्या वहीची बेरीज अशी आहे. चौदा महिन्यांत १४,८६० किलोमीटर, पेट्रोल ७०२.४ लिटर, म्हणजे लिटरला २१.२ किलोमीटर. त्याच काळात चालकासमोरच्या पडद्याचे म्हणणे मात्र २२.४ होते. पडदा पेट्रोल मोजत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून तो अंदाज बांधतो, आणि माझ्या गाडीत हा अंदाज पाच-सहा टक्के उजवा निघतो. साताऱ्याच्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजत पन्नास किलोमीटर तपासून पाहिले, तर अंतरमापक जवळजवळ बिनचूक होता. तेव्हा फरक पेट्रोलच्या बाजूचा आहे. पुढे जिथे एकेका फेरीचे आकडे दिले आहेत ते नाइलाजाने पडद्यावरचे आहेत, वाचकाने त्यांतून विसावा हिस्सा मनातल्या मनात वजा करावा.

टाकी ते टाकी, म्हणजे दर वेळी टाकी भरून मधले किलोमीटर आणि लिटर, मोजणे वाटते तितके सोपे नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळले. "काका, झिरो बघून घ्या," असे म्हणून पंपावरचा मुलगा नोझल लावतो, ऑटो कट होतो (टाकी भरली की नोझल आपोआप बंद होते), आणि मग खरी गंमत सुरू होते: आकडा २,०६३ वर थांबलेला असतो आणि त्याला तो २,१०० करायचा असतो. तो गाडी किंचित हलवतो, नोझल अर्धवट बाहेर ओढतो, टुक-टुक करत आणखी पेट्रोल घालतो. सदतीस रुपयांचे ते पेट्रोल म्हणजे सुमारे साडेतीनशे मिलिलिटर. वीस लिटरच्या भरण्यात हा फरक पावणेदोन टक्क्यांचा झाला, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पंपावरचा कट लवकर झाला तर चूक दुप्पट होते. म्हणून एकाच पंपावर, त्याच मशीनवर, पहिल्या कटला थांबायचे असा नेम केला. मुलाला सुरुवातीला ते विचित्र वाटे. सुट्या पैशांचा प्रश्न यूपीआयने सोडवला. तरीही एका भरण्यावरून काहीही ठरवू नये. माझ्या वहीत एका भरण्याला २४.१ आणि लगेच पुढच्याला १९.३ असे आकडे आहेत. दरम्यान गाडीला काहीच झालेले नव्हते, टाकी वेगळ्या पातळीपर्यंत भरली गेली होती. पाच-सहा भरणी एकत्र केली की असल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

आणखी एक चूक सुशिक्षित माणसेही सर्रास करतात. जाताना २८ मिळाले, येताना १८, म्हणजे सरासरी २३, असे ती सांगतात. शंभर किलोमीटर २८ ने गेलो तर ३.५७ लिटर लागले, शंभर १८ ने आलो तर ५.५६, दोनशे किलोमीटरांना ९.१३ लिटर, म्हणजे २१.९. किलोमीटरांची सरासरी काढायची नसते, लिटरांची बेरीज करायची असते. त्यामुळेच वाईट फेऱ्या सरासरीला जितक्या खाली ओढतात तितक्या चांगल्या फेऱ्या तिला वर उचलत नाहीत, आणि म्हणून २७ च्या दहा फेऱ्यांचे फोटो पाहून पाठ थोपटून घेणाऱ्याचा टाकीचा हिशेब एकवीसच्या आसपास येऊन थांबतो.

तर या वाईट फेऱ्या कोणत्या? मला वाटले होते, कर्वे रस्त्यावरची गर्दी. झाले उलटेच. माझे ऑफिस येरवड्याला आहे. नळ स्टॉप, डेक्कन, संगमपूल, बंडगार्डन असा बारा-तेरा किलोमीटरांचा रस्ता, सकाळी साडेनऊला पाऊण तासाच्या आत कधी संपत नाही. जुन्या डिझेल गाडीत या रस्त्यावर बारा मिळाले तर मी स्वतःला नशीबवान समजत असे. याच रस्त्यावर ही गाडी पडद्यावर नेमाने २४ ते २६ दाखवते. नळ स्टॉपला उभे असताना इंजिन बंद असते आणि एसी मात्र चालू, कारण एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिनाच्या पट्ट्यावर नाही. सिग्नल सुटला की गाडी विजेवर सरकते, पडद्यावर हिरवी 'ईव्ही' अक्षरे उजळलेली राहतात. ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने पुढच्या बसच्या मागे मागे जाण्याइतकी ताकद मोटरमध्ये भरपूर आहे. मग ब्रेक, मग थोडी वीज परत बॅटरीत. बॅटरी उतरली की इंजिन जागे होते, पण तेही आळसावत नाही: नुसते गाडी रखडवण्याऐवजी ते आपल्याला सोयीच्या वेगाने फिरते, चाकांना हवे तेवढे देते आणि उरलेली ताकद विजेच्या रूपाने साठवून पुन्हा झोपी जाते. पेट्रोल इंजिन सर्वांत उधळे असते ते रिकामे किंवा अगदी हलक्या ओझ्याखाली चालताना, आणि नेमकी तीच वेळ ही यंत्रणा त्याच्यावर येऊ देत नाही. गर्दीत वाचते ते इथे.

वाईट फेऱ्या निघाल्या त्या डहाणूकर कॉलनीतल्या भाजीच्या. जाऊन-येऊन पाच किलोमीटर. मुलीला क्लासला सोडणे, अडीच किलोमीटर. आईला डॉक्टरांकडे, दोन. पडद्यावर १३, १४, फार तर १६. पहिल्यांदा हा आकडा पाहिला तेव्हा गाडीत बिघाड आहे असेच मला वाटले. बिघाड नव्हता, थंडपणा होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही गार असतात, आणि कन्व्हर्टर तापल्याशिवाय आपले काम करत नाही. त्यामुळे बॅटरी अर्धी-अधिक भरलेली असली तरी गाडी निघाल्यावर थोड्याच वेळात इंजिन चालू होते आणि अंग तापेपर्यंत सहसा बंद होत नाही. सिग्नलला उभे राहिलो तरी ते गुरगुरत राहते. बारा किलोमीटरांच्या फेरीत हा सुरुवातीचा खर्च पुढच्या अंतरावर वाटला जातो. अडीच किलोमीटरांच्या फेरीत इंजिन तापेपर्यंत घरच आलेले असते. हायब्रिड म्हणजे शहराची गाडी असे सगळे म्हणतात, पण शहरातही लांब फेरी आणि आखूड फेरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. आता भाजी ऑफिसातून परतताना, इंजिन तापलेले असताना, वाटेतच घेतो. वर्षभरात गाडी चालवण्याच्या पद्धतीत मी जे काही बदल केले त्यांत सर्वांत जास्त फरक या एका गोष्टीने पडला, आणि तो पायाने नव्हे, पिशवीने घडवून आणला आहे.

महामार्गाची तऱ्हा तिसरी. एकाच आठवड्यात कोल्हापूरला गेलो आणि आलो. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण सारख्याच उंचीवर असल्याने मधले घाट दोन्ही दिशांना फिटंफाट होतात, म्हणून हा रस्ता प्रयोगाला बरा. जाताना जिथे जमेल तिथे ताशी शंभर राखले: २३६ किलोमीटर, १२.१ लिटर, म्हणजे १९.५. येताना ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर गेलो नाही: तेवढेच अंतर, ९.९ लिटर, म्हणजे २३.८. पंपावरची चूक धरली तरी हा फरक पुसला जात नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेले की तो ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि उंच छातीच्या गाडीला हवा जरा जास्तच अडवते. शिवाय एकसारख्या वेगात ब्रेकच लागत नाही, म्हणजे परत मिळवण्यासारखे काही नसते. बॅटरी आणि मोटर यांचे वजन गाडी नुसते वाहून नेते. तिथे जे १९-२० मिळतात ते हायब्रिडपणापेक्षा इंजिनाच्या काटकसरी घडणीमुळे. येताना साधारण अर्धा तास जास्त लागला आणि वाटेत दोन ट्रकवाल्यांनी हॉर्न देऊन मला बाजूला केले, हेही नोंदवून ठेवतो.

घाटाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण 'उतारावर बॅटरी फुकट भरते' या वाक्याने मीही हुरळलो होतो. महाबळेश्वरहून परतताना पाचगणीपासून वाईपर्यंत पसरणीचा घाट उतरत होतो. आम्ही चौघे, सामान, मागे स्ट्रॉबेरीची खोकी. पहिल्या दोन-तीन वळणांतच पडद्यावरची बॅटरी काठोकाठ भरली, आणि मग, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिन एकाएकी मोठ्याने घुमू लागले. मागून आई म्हणाली, "अरे, गाडीला काय झालं? थांबव जरा." मीही दचकलो होतो, पण पडद्यावरचा त्या क्षणाचा पेट्रोलचा खर्च शून्य होता. गाडीला काही झालेले नव्हते. पाचगणी ते वाई उतार साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. माणसांसकट सोळाशे किलोंची गाडी तेवढी खाली येताना जी ऊर्जा सुटते ती सुमारे २.४ किलोवॅट-तास भरते, आणि आमची सबंध बॅटरी ०.७६ ची. तिचे आयुष्य टिकावे म्हणून तीही तळापासून काठापर्यंत वापरली जात नाही. टायर, हवा आणि यंत्रणेतली गळती वजा केली तरी उरते ते तांब्यात घागर रिती करण्यासारखे आहे. जागा संपली की गाडी आलेली वीज खर्चून इंजिन नुसते फिरवते, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. चढताना मात्र वाईपासून पाचगणीपर्यंत पडद्यावर ९ दिसत होते, आणि ते पेट्रोल उतारावर परत मिळाले नाही. त्या सबंध सहलीचा टाकीचा आकडा २० च्या जरासा खाली आला.

इथेच एका जुन्या सवयीबद्दल बजावले पाहिजे. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची आपल्याकडे पिढीजात रीत आहे. ती कुठल्याही गाडीत धोक्याचीच, पण या गाडीत तोट्याचीही आहे: 'एन' वर टाकली की बॅटरी भरणे थांबते आणि वेग आवरण्याचे सगळे काम ब्रेकवर पडते. घाटात गिअरच्या दांड्यावरचा 'बी', म्हणजे उतारावर इंजिनाचा अडसर वापरून वेग आवरणारा पर्याय, लावावा. सपाटीवर तो लावून फिरण्यात मात्र अर्थ नाही. शहरात फायदा होतो तो ब्रेक लवकर आणि हलका दाबण्याचा. पुढे लाल दिवा दिसताच पाय उचलला की काटा 'चार्ज'च्या पट्ट्यात बराच वेळ राहतो, आणि शेवटच्या क्षणी कचकन दाबला की गती चकत्यांवर घासून उष्णता होते. इको, नॉर्मल आणि पॉवर या तीन पद्धतींत मला टाकीच्या हिशेबात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. इको मुख्यतः पायाला शिस्त लावते आणि एसीला थोडा आवर घालते.

ऋतूंचा परिणाम वहीत स्वच्छ दिसतो. मे महिन्याची भरणी साडेएकोणीस ते वीस, कारण उन्हात उभी असलेली गाडी गार करायला एसी इतकी वीज पितो की सिग्नलवरही इंजिनाला दर मिनिट-दोन मिनिटांनी उठावे लागते. डिसेंबर-जानेवारीत आकडा बावीस-तेवीसवर होता. पावसाळ्यात ओल्या रस्त्याने आणि साचलेल्या पाण्याने थोडा घटला. हवेचा दाब मी एकदा दीड महिना तपासला नव्हता. चारही चाकांत चार-चार पीएसआय कमी निघाली आणि त्या अवधीतली तीनही भरणी एकवीसच्या खाली होती. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला दाब, थंड टायरवर, पंधरवड्यातून एकदा: याला पर्याय नाही.

आणि इथेनॉल. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे साडेसहा टक्क्यांच्या आसपास घट व्हायला हवी. इंजिन त्या मिश्रणासाठी जुळवलेले असेल तर ती काही प्रमाणात भरून निघते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांना एक-दोन टक्के घट, असा अंदाज दिला होता. माझ्याकडे विनाइथेनॉलचे एकही भरणे नाही, म्हणून मी यावर आणखी काही बोलणे म्हणजे पुराव्याशिवाय ताळेबंदावर सही करण्यासारखे होईल.

पैशांचा हिशेब रोकडा आहे. माझ्या वेळी तुलनेने जवळच्या ऑटोमॅटिक स्मार्ट हायब्रिड आवृत्तीपेक्षा रस्त्यावर येईपर्यंत सुमारे तीन लाख रुपये जास्त मोजावे लागले. त्यांतले काही वाढीव सोयींचे होते, पण ते सोडून देऊ. अशाच आकाराच्या, हायब्रिड नसलेल्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीतून एक सहकारी माझ्याच रस्त्याने येतो, त्याला टाकी ते टाकी १२ ते १४ मिळतात. मध्य धरला, वर्षाला माझे १२,७०० किलोमीटर धरले आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर मला ५९९ लिटर लागतात आणि त्याला ९७७. फरक ३७८ लिटर, म्हणजे वर्षाला ३९ हजार. तीन लाख फिटायला साडेसात वर्षांहून थोडे जास्त. हायब्रिड बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, त्यामुळे हमीच्या आत पैसे जेमतेम वसूल होतात. ज्याचे रनिंग माझ्या दुप्पट आणि तेही शहरातल्या गर्दीत आहे, त्याचे चार वर्षांत होतील. ज्याचे निम्मे आहे त्याने पेट्रोल वाचवण्यासाठी म्हणून ही गाडी घेऊ नये. सिग्नलवरची शांतता आणि गिअर-क्लचपासून सुटका यांसाठी घ्यायची तर जरूर घ्यावी, मी त्याला नावे ठेवणार नाही. संध्याकाळी संगमपुलावर अडकल्यावर ती शांतता फार मोलाची वाटते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बॅटरीमुळे डिकी आखडली आहे. दोन मोठ्या सुटकेस आडव्या बसत नाहीत. चढावर पाय दाबला की तीन सिलिंडरांचा आवाज आत येतो आणि तो सुश्राव्य नाही. खड्ड्यांतून गाडी चांगली जाते. मागची आसने आईला पसंत आहेत, आणि आमच्या घरी तो निकष वरचा आहे.

माझा मेहुणा चिंचवडला राहतो, त्याचा कारखाना घरापासून सव्वादोन किलोमीटरांवर आहे, आणि माझे चोवीस-पंचवीस ऐकून त्यालाही हीच गाडी घ्यायची होती. मी त्याला दोन दिवस गाडी दिली आणि एकच अट घातली: रोजच्या वेळी, रोजच्याच फेऱ्या करायच्या, आणि किल्ली घेतल्या घेतल्या ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. तिसऱ्या दिवशी त्याने पडद्याचा फोटो पाठवला, १४.८. खाली लिहिले होते, "दाजी, मी साधी मॅन्युअल बघतो."